आठवड्याभरात काय ऐकलं, वाचलं, पाहिलं: स्वतःचा साप्ताहिक राउंडअप कसा लिहायचा

माझ्या फोनमध्ये मागे एकदा चारशेच्या वर स्क्रीनशॉट साठले होते. कुठल्यातरी गाण्याचं नाव, पुस्तकाचं अर्धं पान, पिक्चरमधली एखादी फ्रेम, कुणीतरी पाठवलेला जुना नकाशा, असलं काय काय. एकदा म्हटलं बसून निस्तरूया, आणि बघते तर निम्म्याहून जास्त स्क्रीनशॉट मी का काढून ठेवले होते तेच आठवेना. पान समोर आहे, ओळ वाचतेय, पण त्यात मला काय दिसलं होतं ते गेलं ते गेलंच. तेव्हा डोक्यात शिरलं की आपण वस्तू जपतोय आणि ती का आवडली हे फेकून देतोय. वस्तू काय, शोधली की परत मिळते.

तेव्हापासून मी दर आठवड्याला एक पानभर राउंडअप लिहिते. ऐकलेलं, वाचलेलं, पाहिलेलं आणि वाटेत सापडलेलं. मुख्यतः स्वतःसाठीच, दोन-तीन जणांना पाठवते तेवढंच. कसं करायचं ते इथे सविस्तर लिहितेय, कारण सुरुवात सगळेच हौसेने करतात आणि चौथ्या आठवड्यात गाडी बंद पडते, माझीही दोनदा पडली, आणि दोन्ही वेळा कारणं तीच होती: टिपणं नव्हती, यादी मारुतीच्या शेपटासारखी लांबत होती, आणि लिहायला बसलं की "मस्त होतं" च्या पुढे काही सुचत नव्हतं.

आधी आठवडा कधी संपतो ते ठरवा

हे फालतू वाटेल पण सगळ्यात आधी हेच करा. रविवारी रात्री लिहायचं असं बहुतेक जण ठरवतात आणि रविवारी रात्री कुणालाच काही लिहायचं नसतं. मी गुरुवार ठेवलाय, आणि त्याला एक कारण आहे. १० जुलै २०१५ पासून नवीन संगीत जगभर शुक्रवारी रिलीज होतं, त्याआधी प्रत्येक देशाचा वार वेगळा होता. नवीन पिक्चरही बऱ्याच ठिकाणी शुक्रवारीच येतात. म्हणजे नव्या मालाचा आठवडा शुक्रवारी सुरू होतो, मग आपला हिशोब गुरुवारी मिटवलेला बरा. ज्यांना स्पॉटिफायच्या दर सोमवारी बदलणाऱ्या तीस गाण्यांच्या यादीतूनच बरंचसं नवीन मिळतं त्यांनी रविवार ठेवला तरी चालेल, कारण सोमवारी ती यादी पुसली जाते आणि आवडलेलं गाणं वेगळं काढून ठेवलं नसेल तर गेलं. जुनंच ऐकणाऱ्या-वाचणाऱ्यांना कुठलाही वार सारखाच. फक्त एकदा ठरवलात की बदलू नका, निदान तीन महिने तरी.

वेळ किती लागतो? टिपणं असतील तर चाळीस मिनिटं. टिपणं नसतील तर दोन तास जातात आणि तरी भंगार लिहून होतं.

टिपण त्याच दिवशी, आणि एवढंसंच

सगळा खेळ इथे आहे, त्यामुळे थोडं लांबण लावते.

हर्मान एबिंगहाउस नावाच्या जर्मन मानसशास्त्रज्ञाने १८८५ मध्ये स्वतःवरच केलेले प्रयोग छापले होते. अर्थ नसलेले अक्षरांचे तुकडे पाठ करायचे, मग काही वेळाने तेच परत पाठ करायचे आणि पहिल्यापेक्षा मेहनत किती वाचली ते मोजायचं. तासाभराने ही बचत साधारण ४४ टक्क्यांवर आली, एका दिवसाने ३४ च्या आसपास, सहा दिवसांनी २५ आणि महिन्याने २१. आता पिक्चर म्हणजे काही अर्थहीन अक्षरं नव्हेत (काही असतात), त्यामुळे आकडे जसेच्या तसे लावू नका, पण उतार कसा आहे ते बघा. सगळी पडझड पहिल्या दिवसात होते, नंतर सहाव्या आणि एकतिसाव्या दिवसात जेमतेम चार टक्क्यांचा फरक. म्हणून आठवड्याच्या शेवटी बसून "काय बरं पाहिलं होतं सोमवारी" करण्यापेक्षा सोमवारी झोपायच्या आधी सहा शब्द लिहून ठेवलेले कितीतरी भारी पडतात.

सहा शब्द म्हणजे खरंच सहा शब्द. वाक्य नको, परीक्षण तर नकोच. माझी टिपणं अशी असतात: "शेवटच्या सीनमध्ये दार उघडंच ठेवलं, का?" किंवा "दुसऱ्या अंतऱ्यात तबला गायब, तिथेच काटा". नुसतं "छान" लिहिलंत तर ते न लिहिल्यासारखंच आहे, कारण गुरुवारी ते वाचून काहीच जागं होत नाही. टिपणात एक ठिकाण आलं पाहिजे, म्हणजे कुठला सीन, कुठलं पान, गाण्यात किती मिनिटांवर. ठिकाण असलं की बाकीचं आपोआप मागून येतं.

कुठे लिहायचं? जिथे हात आधी जातो तिथे. माझ्याकडे फोनवर एकच नोट आहे, त्यात नवीन ओळ वर टाकायची, बस. मी आधी फार शहाणपणा केला होता, गाण्यांना वेगळा फोल्डर, पुस्तकांना वेगळा, प्रत्येकाला रंगीत टॅग वगैरे, आणि काय झालं तर टॅग कुठला लावायचा या विचारातच लिहायचं राहून जायचं. वर्गीकरण गुरुवारी करा. रोज फक्त ओतायचं. गाडी चालवताना किंवा हात अडकलेले असताना व्हॉइस नोट टाका, पण त्या ऐकून उतरवायचा कंटाळा येतो हे आधीच सांगते, म्हणून एका व्हॉइस नोटमध्ये एकच गोष्ट बोला आणि सुरुवातीलाच नाव घ्या.

गाणी

गाण्यांची गंमत अशी की त्यांची नोंद मशीन ठेवतं आणि म्हणून आपण ठेवत नाही. लास्ट.एफएम ही ऐकलेल्या गाण्यांची नोंद ठेवणारी साइट जोडली की तुम्ही काय ऐकलं ते सगळं आपोआप जमा होतं. तिथला नियम असा की तीस सेकंदांपेक्षा मोठं गाणं निम्मं वाजलं, किंवा चार मिनिटं वाजलं, यातलं जे आधी होईल तेव्हा ते मोजलं जातं. स्पॉटिफाय तर तीस सेकंदांतच एक स्ट्रीम, म्हणजे गाणं एकदा वाजलं असं धरतं. हे माहीत असणं का गरजेचं, तर हे आकडे ऐकण्याचे नसून वाजण्याचे असतात. रात्री झोप लागावी म्हणून लावलेला पावसाचा आवाज माझ्या यादीत महिनोन्‌महिने पहिल्या नंबरवर होता. त्यामुळे यादी उघडा, पण आठवण करून घ्यायला, निवड करायला नाही.

बाहेर कुठे वाजत असलेलं गाणं शझॅमने पकडलं असेल तर ते ॲपच्या लायब्ररीत राहतं, गुरुवारी तिथेही एक चक्कर मारा. मला तिथे हमखास एखादं तरी विसरलेलं सापडतं. आणि तारीख असल्यामुळे आपण कुठे होतो तेही आठवतं, जे गाण्यापेक्षा कधीकधी जास्त कामाचं असतं.

राउंडअपमध्ये गाणी किती? मी तीनच घेते. पूर्ण अल्बम ऐकला असेल तर तो एक धरायचा, पण त्यातला एकच ट्रॅक नाव घेऊन लिहायचा. "अल्बम चांगला आहे" हे वाक्य कुणालाच काही सांगत नाही, "चौथा ट्रॅक, दोन मिनिटं चाळीस सेकंदांपासून पुढे" असं लिहिलं की वाचणारा खरंच तिथे जाऊन ऐकतो. स्वतःलाही सहा महिन्यांनी तेच उपयोगी पडतं. शिवाय कुठली आवृत्ती ते लिहा, मैफिलीतली की स्टुडिओतली, मूळची की नंतर रीमास्टर केलेली, कारण एकाच गाण्याच्या दोन रेकॉर्डिंगमध्ये जमीन-अस्मानाचा फरक असू शकतो आणि चुकीचं ऐकून लोक म्हणतात काय विशेष आहे यात.

अजून एक, आणि हे मला फार उशिरा सुचलं. गाणं कसं ऐकलं ते लिहा. हेडफोनवर, खोलीतल्या स्पीकरवर, की गाडीत. बेसवर चालणारं गाणं फोनच्या स्पीकरवर ऐकून नावं ठेवायची सवय मला होती, हे लिहायला लागल्यावर सुटली.

पुस्तकं

आठवड्याला एक पुस्तक संपलंच पाहिजे असा कुणाचा हट्ट असेल तर तो आत्ताच सोडा. राउंडअप संपलेल्या पुस्तकांचा नसतो, वाचत असलेल्यांचा असतो. मी दर आठवड्याला "कुठपर्यंत आले" एवढंच लिहिते आणि त्या भागाबद्दल दोन वाक्यं. अर्ध्यातलं मत नंतर बदलतं, आणि ते बदललेलं नंतर वाचायला तर खरी मजा. एका जाड कादंबरीबद्दल मी सलग तीन आठवडे कटकट केलीय आणि चौथ्या आठवड्यात लोटांगण घातलंय, हे शेवटी एकदाच लिहिलं असतं तर फक्त लोटांगण उरलं असतं.

पान नंबर लिहिताना जपून, आवृत्ती बदलली की पानं बदलतात, आणि ई-बुकमध्ये फॉन्ट मोठा केला तरी बदलतात. प्रकरण लिहा. अनुवाद असेल तर अनुवादकाचं नाव लिहाच लिहा, कारण तुम्ही वाचताय ती भाषा त्या माणसाची आहे. आवृत्ती नक्की पक्की करायची असेल तर आयएसबीएन, म्हणजे पुस्तकाचा ओळख क्रमांक, टिपून ठेवा, २००७ पासून तो तेरा आकडी असतो आणि सहसा मागच्या कव्हरवर बारकोडपाशी सापडतो.

किंडलवर वाचत असाल तर अधोरेखित केलेलं सगळं डिव्हाइसमधल्याच एका साध्या टेक्स्ट फाइलमध्ये जमा होत असतं, ती संगणकाला जोडून कॉपी करता येते. कागदी पुस्तक असेल तर पेन्सिलीने समासात एक टिंब, आणि शेवटच्या कोऱ्या पानावर प्रकरणाचा आकडा. पुस्तक दुसऱ्याचं असेल तर चिकटणारी कागदी पट्टी लावा, टिंब नको, मैत्री टिकते.

वेगवेगळ्या ठिकाणची उतारे-टिपणं एकाच वहीत ठेवून परत शोधायची कशी हा प्रश्न आजचा नाही. जॉन लॉक या इंग्रज तत्त्वज्ञाने त्यासाठी एक सूचीची पद्धत बसवली होती, आधी १६८६ मध्ये फ्रेंचमध्ये छापली आणि १७०६ मध्ये इंग्रजीत आली. विषयाचा एक शब्द घ्यायचा, त्याचं पहिलं अक्षर आणि त्यानंतर येणारा पहिला स्वर, या जोडीखाली पान नंबर लिहायचा. वहीवाल्यांनी हे करून बघाच, कारण आपल्याला त्यासाठी वेगळं काही शिकायलाही नको, बाराखडी आहेच. "पाऊस" असेल तर "पा" खाली, "पुतळे" असेल तर "पु" खाली. मी वहीच्या शेवटच्या दोन पानांवर अशी सूची करते आणि ॲपमधल्या सर्चपेक्षा मला तीच लवकर हाताशी येते.

सोडून दिलेली पुस्तकंही लिहा. कुठे सोडलं आणि का, एक ओळ. "पन्नास पानांत सात पात्रं आली आणि मला एकही ओळखता येईना" ही नोंद दोन वर्षांनी तेच पुस्तक परत आणण्यापासून वाचवते, किंवा उलटं, तेव्हा आपणच थकलेले होतो हे कळतं आणि परत घ्यावंसं वाटतं.

पिक्चर आणि सिरीज

लेटरबॉक्स्ड या पिक्चरच्या नोंदींच्या साइटवर तारखेनिशी डायरी ठेवता येते, पुन्हा पाहिला तर तशी वेगळी खूण करता येते आणि अर्ध्या ताऱ्यापर्यंत रेटिंग देता येतं. गुडरीड्स या पुस्तकांच्या साइटवर पूर्णच तारे द्यावे लागतात, तशाच स्टोरीग्राफवर पाव ताऱ्यापर्यंत जाता येतं. आता माझं मत सांगते, राउंडअपमध्ये तारे देऊ नका. तारा दिला की डोकं बंद होतं, साडेतीन दिले म्हणजे झालं की सगळं बोलून. त्याऐवजी एकच प्रश्न स्वतःला विचारायचा, मी हा परत पाहीन का, आणि पाहिला तर कुठल्या सीनसाठी. उत्तर "नाही" असेल तरी लिहायला बरंच काही निघतं.

सिरीजचं वेगळं आहे. आठ एपिसोड एका दमात पाहिले की सगळे एकमेकांत मिसळतात आणि लिहायला बसल्यावर एक गिचका होतो. प्रत्येक एपिसोड संपला की पुढचा आपोआप सुरू व्हायच्या आत तीन शब्द लिहायचे असा मी नियम केलाय, आणि त्यासाठी ऑटोप्ले बंद करून ठेवलाय. नेटफ्लिक्सवर काय काय पाहिलं त्याची तारखेसकट यादी अकाउंटमधून डाउनलोड करता येते, ती अडीनडीला कामाला येते. पण एकाच प्रोफाइलवर घरातले सगळे बघत असतील तर त्या यादीत तुमचं काय आणि इतरांचं काय हे तुम्हालाच ओळखायचंय.

कथा सांगू नका. हे मी मोठ्या अक्षरात लिहिलं असतं. राउंडअपमध्ये पिक्चरची गोष्ट सांगायला लागलात की पाच वाक्यं तिथेच जातात, शेवट फुटतो तो वेगळाच, आणि गोष्ट तर कुठेही वाचायला मिळते. एक सीन घ्या. कॅमेरा कुठे होता, कोण गप्प होतं, आवाज काय होता. एका पिक्चरमधून माझ्याकडे उरलेलं सगळ्यात चांगलं टिपण फक्त एवढंच आहे की दोघं भांडतायत आणि मागच्या खोलीत कुणीतरी खुर्ची सरकवते.

आणि सापडलेलं काय काय

हा सगळ्यात आवडता भाग आणि सगळ्यात घसरडाही. लेख, नकाशे, जुने फोटो, कुठल्यातरी शब्दाची व्युत्पत्ती, एखादा दीड तासाचा व्हिडिओ ज्यात माणूस फक्त घड्याळ दुरुस्त करतोय. नियम दोनच.

पहिला, जे पूर्ण वाचलं-पाहिलं नाही ते द्यायचं नाही. नंतर वाचू म्हणून बाजूला टाकलेल्या लिंका म्हणजे सापडलेल्या गोष्टी नव्हेत, ती उधारी आहे.

दुसरा, लिंकवर विश्वास ठेवायचा नाही. प्यू रिसर्च सेंटर या अमेरिकेतल्या संशोधन संस्थेने २०२४ मध्ये तपासून सांगितलं होतं की २०१३ साली असलेल्या वेबपानांपैकी ३८ टक्के दहा वर्षांनी उघडत नव्हती. आणि पानंच कशाला, साठवायच्या जागाही जातात. वेगवेगळ्या साइटींचं नवीन लिखाण एका जागी वाचायचं गूगल रीडर जुलै २०१३ मध्ये बंद झालं, लेख साठवून ठेवायचं पॉकेट ८ जुलै २०२५ ला बंद झालं. म्हणून प्रत्येक लिंकसोबत लेखाचं पूर्ण शीर्षक, लिहिणाऱ्याचं नाव, तारीख आणि त्यात काय होतं त्याची एक ओळ स्वतःच्या शब्दांत लिहा, म्हणजे लिंक मेली तरी नोंद जिवंत. फारच आवडलेलं असेल तर वेबपानांच्या प्रती जपणाऱ्या इंटरनेट आर्काइव्हच्या वेबॅक मशीनमध्ये तो पत्ता टाकून त्या क्षणाची प्रत जतन करता येते, मिनिटभराचं काम आहे, आणि जो नवा पत्ता मिळेल तो मूळ पत्त्याच्या खाली चिकटवून ठेवा.

कुणाकडून सापडलं तेही लिहा. मैत्रिणीने पाठवलं, एका पुस्तकाच्या तळटीपेत होतं, चुकून दिसलं. वर्षभराने मागे वळून बघितलं तर कळतं की आपल्याला चांगल्या गोष्टी नेमक्या कुठून मिळतात, आणि माझ्या बाबतीत तरी उत्तर अल्गोरिदम नव्हतं, दोन माणसं आणि तळटीपा होत्या.

गुरुवारची बैठक

आता प्रत्यक्ष लिहायचं. पहिली दहा मिनिटं टिपणं उघडायचीच नाहीत. हो, एवढी टिपणं काढून ती उघडायची नाहीत. कोरं पान घ्या आणि या आठवड्यातलं जे आठवतंय ते भरभर लिहा, क्रम नाही, नीट नावं नाहीत, काही नाही. याला दोन कारणं. एक म्हणजे आठवून काढण्यानेच गोष्ट पक्की होते, २००६ मध्ये रोडिगर आणि कार्पिकी या दोघा मानसशास्त्रज्ञांनी विद्यार्थ्यांना उतारे देऊन हे तपासलं होतं. पाच मिनिटांनी विचारलं तर उतारा पुन्हा वाचलेल्यांना जास्त आठवत होतं, पण दोन दिवसांनी आणि आठवड्याने विचारलं तर न बघता आठवून लिहिलेल्यांनी बाजी मारली. दुसरं कारण साधं आहे, जे न बघता आठवलं तेच खरं आत गेलेलं. राउंडअपमध्ये आधी जागा त्याला.

मग टिपणं उघडा आणि ताडून बघा. इथे एक भारी गोष्ट होते, सोमवारी ज्यावर चार ओळी खरडल्या होत्या ते डोक्यातून साफ गेलेलं असतं आणि ज्यावर काहीच लिहिलं नाही ते मनात घर करून बसलेलं असतं. दोन्ही लिहिण्यासारखं आहे. "पाहिला तेव्हा भारावले, चार दिवसांत पुसला गेला" हे एका पिक्चरबद्दलचं केवढं मोठं मत आहे बघा.

मग कापाकापी. माझं माप असं, एकूण सात नोंदी, त्यात एक मोठी आणि बाकीच्या दोन-तीन वाक्यांच्या. मोठी म्हणजे दीडशे-दोनशे शब्द. चारही खात्यांना सारखी जागा द्यायची गरज नाही, एखाद्या आठवड्यात फक्त एकच पुस्तक असेल तर एकच पुस्तक, गाण्यांच्या खाली "या आठवड्यात शांतता" लिहून मोकळं व्हा. रकाने भरायला म्हणून काहीतरी ऐकणं-पाहणं सुरू झालं की समजा राउंडअप तुम्हाला चालवायला लागलाय.

आता ते "मस्त होतं" चं काय करायचं. लिहून झालं की प्रत्येक नोंद वाचा आणि विचारा, हे वाक्य दुसऱ्या कुठल्याही पिक्चरखाली चिकटवलं तर चालेल का? चालत असेल तर खोडा. "अभिनय अप्रतिम, संगीत श्रवणीय" हे कशालाही चालतं. "वडिलांचं काम करणारा नट अख्खा पिक्चरभर एकदाही समोरच्याकडे बघत नाही" हे एकाच ठिकाणी चालतं. मग त्याच्यापुढे स्वतःला एक ठिकाण द्या, म्हणजे हे पाहताना मला काय झालं. लाजायचं नाही. मला कंटाळा आला, मी रडले, मी मध्येच फोन बघितला आणि नक्की कधी बघितला. शेवटचं तर फार प्रामाणिक परीक्षण आहे.

अडकलातच तर तुलना करा, पण त्याच आठवड्यातल्या दोन गोष्टींची. एका कथेतला शेवट आणि एका गाण्याचा शेवट. अशा जोड्या मुद्दाम शोधायच्या नाहीत, एका पानावर शेजारी आल्या की त्या आपोआप एकमेकींकडे बघायला लागतात, आणि माझ्या मते सगळं एकत्र लिहिण्याचा खरा फायदा हाच आहे, नाहीतर चार वेगळ्या डायऱ्या ठेवल्या असत्या.

ठेवायचं कसं

साधी टेक्स्ट फाइल, एका आठवड्याची एक. ॲप येतात-जातात, टेक्स्ट फाइल कुठेही उघडते. नावात आधी वर्ष, मग महिना, मग दिवस, म्हणजे यादी आपोआप तारखेच्या क्रमाने लागते, दिवस आधी लिहिलात तर सगळ्या महिन्यांच्या एक तारखा एकत्र येऊन बसतात. आठवड्याचा नंबर हवा असेल तर आयएसओ ८६०१ या तारखा लिहिण्याच्या आंतरराष्ट्रीय मानकाप्रमाणे आठवडा सोमवारी सुरू होतो आणि वर्षातला पहिला गुरुवार ज्या आठवड्यात येतो तो पहिला. त्यामुळे डिसेंबरचे शेवटचे दोन-तीन दिवस कधीकधी पुढच्या वर्षाच्या पहिल्या आठवड्यात मोजले जातात, घाबरू नका, चुकलं नाहीये.

नावं एकाच पद्धतीने लिहायची. हे देवनागरीत लिहिणाऱ्यांना फार नडतं, कारण परक्या नावाची स्पेलिंग आपण दर वेळी वेगळी करतो, आज "रॉबर्ट" तर उद्या "रोबर्ट", आणि मग सर्चमध्ये निम्म्या नोंदी सापडत नाहीत. उपाय म्हणजे देवनागरी नावाच्या पुढे मूळ लिपीतलं नाव एकदा लिहून ठेवायचं. लेटरबॉक्स्ड, गुडरीड्स वगैरे वापरत असाल तर तिथला सगळा डेटा सीएसव्ही, म्हणजे साध्या तक्त्याची फाइल म्हणून काढता येतो, तीन महिन्यांतून एकदा काढून याच फोल्डरमध्ये टाका.

कुणाला पाठवायचं असेल तर तीनच माणसं निवडा आणि प्रत्येकाला त्यातली एकच गोष्ट दाखवा, "तुझ्यासाठी यातलं चौथं". सात गोष्टी सगळ्यांना पाठवल्या की कुणीच काही बघत नाही, एक पाठवली की उत्तर येतं, आणि त्या उत्तरातून पुढच्या आठवड्याची एखादी नोंद निघतेच.

चुकलेले आठवडे आणि जुनी पानं

आठवडा चुकला तर भरून काढू नका. दोन आठवड्यांचा एकत्र लिहू म्हटलं की तो तीनचा होतो, मग चारचा, मग काय, रामराम. त्या आठवड्याच्या नावाने फाइल करा, आत एक ओळ लिहा की लिहिलं नाही, जमलं तर का ते, आणि पुढे चला. माझ्याकडे अशा एकोळी फाइली बऱ्याच आहेत. एकात फक्त "ताप, एकच गाणं, तेही आठवत नाही" असं आहे आणि मला ती नोंद भलतीच आवडते.

दर तीन महिन्यांनी तेरा फाइली सलग वाचायच्या. पेन घेऊन प्रत्येकात जे अजून आठवतंय त्याला टिक, जे वाचूनही आठवत नाही त्याला फुली. फुल्या जास्त येतील. टिक असलेल्यांतून वर्षाच्या शेवटी दहा-बारा गोष्टी आपोआप वर येतात, वेगळी "या वर्षीचं सर्वोत्तम" अशी यादी करायला बसावं लागत नाही. फुलीवाल्यांपैकी एखाद्याचं टिपण वाचून अचानक परत ऐकावंसं-पाहावंसं वाटलं तर ते पुढच्या आठवड्यात घ्या आणि नोंदीत जुनी तारीख लिहा, म्हणजे दोन मतं समोरासमोर येतात.

आणि २०२६ च्या फोल्डरमध्ये एक फाइल जास्त निघाली तर मोजण्यात चूक झाली असं समजू नका, त्या वर्षात ५३ आठवडे आहेत.